एकाच प्रोसेसचे तीन क्रमांक: «पहारा»च्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

16 जून 2025, सोमवार. ऐरोली

शनिवारी पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी चाचणी-समूहातील चौथ्या सर्व्हरवरचा डेटाबेस अचानक बंद पडला. त्याच्या स्वतःच्या नोंदी अर्ध्या ओळीवर तुटलेल्या आहेत आणि सिस्टिमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदीत मुख्य प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, 9 क्रमांकाच्या सिग्नलने, म्हणजे तत्काळ संपवणाऱ्या सिगकिलने, संपल्याचे लिहिलेले आहे. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो, तसेच काही झाले असावे असा सर्वांचा पहिला अंदाज होता. परंतु कर्नलच्या नोंदीत त्याचा मागमूस नाही आणि त्या वेळी निम्म्याहून अधिक मेमरी रिकामी होती. अखेर आज दुपारी आमच्याच «पहारा» या देखरेख प्रोग्रॅमच्या नोंदीत नेमकी त्याच सेकंदाची ओळ सापडली: प्रोसेस 1184 अडकली होती, बंद केली, यशस्वी. होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवर, 1184 हा क्रमांक डेटाबेसचा होता.

रचना अशी आहे. प्रत्येक सर्व्हरवर एकेका गटासाठी एक बाहेरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमसाठी वेगळी केलेली बंदिस्त जागा, असतो आणि त्याच्या पोटात प्रत्येक चाचणीसाठी एक वेगळा सँडबॉक्स उभा राहतो. दोघांनाही स्वतःची पीआयडी नेमस्पेस, म्हणजे प्रोसेस-क्रमांकांची (पीआयडींची) स्वतंत्र मोजणी, आहे. त्यामुळे होस्टचा स्तर शून्य, कंटेनरचा एक आणि सँडबॉक्सचा दोन. सँडबॉक्समधला चाचणी-चालक आपली एखादी अपत्य प्रोसेस अडकली की तिचा क्रमांक सामायिक फाइलमध्ये लिहितो. «पहारा» होस्टवर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतो, तो क्रमांक वाचतो आणि जसाच्या तसा किल या सिस्टिम कॉलला, म्हणजे सिग्नल पाठवण्याच्या कर्नलकडील विनंतीला, देतो. सँडबॉक्समधली 1184 आणि होस्टवरची 1184 यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे आम्ही कोणीच लक्षात घेतले नव्हते.

ही चूक इतके महिने दबून कशी राहिली, हा प्रश्न मला चुकीपेक्षाही अधिक अस्वस्थ करतो. सँडबॉक्स अल्पायुषी असल्याने आतले क्रमांक एरवी लहान असतात, 20, 37, 60 असे. होस्टवर या क्रमांकांच्या जागी बहुतेक कर्नलचे स्वतःचे धागे बसलेले असतात, आणि ते सिगकिलसुद्धा दुर्लक्षितात. किल मात्र शून्य परत करतो, कारण सिग्नल पाठवण्यात चूक काहीच झालेली नसते. «पहारा» शून्य पाहून «यशस्वी» लिहीत राहिला, अडकलेली प्रोसेस अडकलेलीच राहिली, आणि 20 मिनिटांची मुदत संपल्यावर संपूर्ण सँडबॉक्सच काढून टाकला गेला. चाचण्यांना फार वेळ लागतो ही गटांची जुनी तक्रार होती, आणि आम्ही तिचे खापर डिस्कवर फोडत आलो होतो. शुक्रवारी एका गटाने हजाराहून अधिक छोट्या प्रोसेस निर्माण करणारी नवी चाचणी जोडली, आतली मोजणी प्रथमच चार आकड्यांत गेली आणि दगड नेमका काचेवर लागला.

तात्पुरता उपाय म्हणून «पहारा»ची बंद करण्याची शाखा काढून टाकली आहे. चाचण्या तूर्त मुदत संपेपर्यंत थांबतील.

17 जून 2025, मंगळवार

दिवसभर कर्नलचा मूळ कोड वाचला. आमचे सर्व सर्व्हर 6.1 या दीर्घकालीन आवृत्तीवर आहेत, म्हणून वाचनही त्याच आवृत्तीचे केले. पीआयडी नेमस्पेस लिनक्समध्ये 2.6.24 पासून, म्हणजे जानेवारी 2008 पासून आहेत. संबंधित फाइलच्या माथ्यावर ओपनव्हीझेड या कंटेनर-प्रकल्पाचे पावेल एमेल्यानोव्ह आणि आयबीएमचे सुकदेव भट्टिप्रोलू यांची नावे 2007 या सालासह लिहिलेली आहेत.

प्रोसेसला एक «खरा» क्रमांक असतो आणि कंटेनरमध्ये दिसतो तो त्याचा मुखवटा, अशी माझी आजवरची समजूत होती. ती चुकीची निघाली. कर्नलच्या दृष्टीने क्रमांक ही ओळखच नाही. ओळख म्हणजे «स्ट्रक्ट पिड» नावाची मेमरीतील एक वस्तू, आणि तिच्या शेपटाला जोडलेली एक रांग. रांगेतील प्रत्येक खणात दोनच गोष्टी असतात: एक क्रमांक, आणि तो क्रमांक ज्या नेमस्पेसमध्ये खरा आहे तिचा पत्ता. प्रोसेस जितक्या खोल स्तरावर जन्मली, तितके अधिक एक खण. आमच्या सँडबॉक्समधील प्रत्येक प्रोसेसला तीन खण आणि तीन क्रमांक आहेत, आणि तिन्ही सारखेच खरे आहेत.

क्रमांकवाटप आतून बाहेर होते. फोर्क, म्हणजे नव्या अपत्य प्रोसेसचा जन्म, होताना कर्नल सर्वात आतल्या नेमस्पेसपासून सुरुवात करून मूळ नेमस्पेसपर्यंत चढत जातो आणि प्रत्येक स्तरावर त्या नेमस्पेसच्या स्वतःच्या नोंदवहीतून पुढचा मोकळा क्रमांक घेतो. पूर्वी ही नोंदवही बिटमॅपची होती, 4.15 मध्ये गार्गी शर्मा यांच्या बदलाने तिच्या जागी आयडीआर ही कर्नलमधील सर्वसामान्य रचना आली. वाटप करताना खणात आधी रिकामा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) ठेवला जातो आणि सर्व स्तरांची कामे उरकल्यावरच खरी वस्तू तेथे बसवली जाते, जेणेकरून अर्धवट तयार झालेली प्रोसेस कोणाच्या शोधात सापडू नये. मधल्या एखाद्या स्तरावर क्रमांक मिळाला नाही, तर आतापर्यंत घेतलेले सगळे परत केले जातात. क्रमांक चक्राकार पद्धतीने पुढे सरकतात आणि कमाल मर्यादेला पोहोचल्यावर पुन्हा 1 पासून नव्हे, तर 300 पासून सुरू होतात.

यातून निघणारी एक गोष्ट मी आधी कधी मनात आणली नव्हती. आत झालेला प्रत्येक फोर्क बाहेरच्या प्रत्येक स्तरावर एकेक क्रमांक खर्च करतो, म्हणून होस्टची मोजणी सगळ्या सँडबॉक्सच्या बेरजेने पुढे जाते. आतले जग कितीही अलिप्त वाटले, तरी त्याचे भाडे वरच्या प्रत्येक मजल्यावर भरावे लागते.

उलट दिशेने, म्हणजे «या प्रोसेसचा अमुक नेमस्पेसमधला क्रमांक कोणता» हे विचारणारे फंक्शन जेमतेम दहा ओळींचे आहे, पण आमची सगळी चूक त्यातल्या दोन अटींत आहे. पहिली अट: विचारणाऱ्या नेमस्पेसचा स्तर प्रोसेसच्या स्तराहून खोल नसावा. दुसरी अट: त्या स्तराच्या खणात लिहिलेला पत्ता विचारणाऱ्या नेमस्पेसचाच असावा. दुसरी अट अनावश्यक वाटू शकते. परंतु एकाच स्तरावर शेजारी-शेजारी पन्नास सँडबॉक्स असतात आणि स्तर जुळला म्हणजे घराणे जुळले असे होत नाही. अट मोडली तर उत्तर शून्य येते. शून्य म्हणजे «तुझ्या जगात ही प्रोसेस नाही».

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगणे तसे सोपे आहे. नुसते «सेक्टर 8» म्हटले तर ते ऐरोलीतही आहे, वाशीतही, नेरूळमध्येही आणि बेलापूरमध्येही. नोड, म्हणजे उपनगर, सांगितल्याशिवाय कुरियरवाला हमखास भलत्याच दाराशी उभा राहतो. आमच्या गटात दुपारी हेच उदाहरण चालले. मात्र ते अर्ध्या वाटेवरच सोडले पाहिजे, कारण पत्त्यात नोड, सेक्टर आणि प्लॉट मिळून एकच पत्ता होतो, तर येथे प्रत्येक स्तरावर स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण क्रमांक आहे. एकाच घराला सोसायटीच्या वहीत 12, वीजबिलावर दुसराच आणि मालमत्ता कराच्या पावतीवर तिसराच क्रमांक असतो, हे चित्र अधिक जवळचे आहे.

19 जून 2025, गुरुवार

प्रयोगांना सुरुवात केली आणि पहिल्याच पायरीला अडखळलो. अनशेअर ही आज्ञा नव्या पीआयडी नेमस्पेससाठी चालवली, आत शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, उघडले, पहिली आज्ञा नीट चालली आणि दुसऱ्या आज्ञेपासून प्रत्येक वेळी «फोर्क करता येत नाही, मेमरी मिळत नाही» असे उत्तर येऊ लागले. सर्व्हरला 64 जीबी मेमरी आहे.

कारण शोधायला दीड तास गेला, पण तो वाया गेला असे म्हणवत नाही. अनशेअर हा सिस्टिम कॉल बोलावणाऱ्या प्रोसेसला नव्या नेमस्पेसमध्ये हलवतच नाही. तो फक्त «माझी यापुढची अपत्ये तेथे जन्मतील» एवढे ठरवतो. चालू प्रोसेसचा स्वतःचा क्रमांक आयुष्याच्या मध्येच बदलला, तर तो कायम राहील असे गृहीत धरणारे असंख्य प्रोग्रॅम कोसळतील, म्हणून हा निर्णय योग्यच आहे. परिणाम मात्र असा की शेलने चालवलेली पहिली आज्ञा त्या नव्या नेमस्पेसमधली 1 क्रमांकाची प्रोसेस, म्हणजे इनिट, ठरली. ती क्षणात संपली. इनिट संपली की कर्नल त्या नेमस्पेसमधील क्रमांकवाटप कायमचे बंद करतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक फोर्क मेमरी नसल्याच्या चुकीने परत येतो. ही चूक फारशी समर्पक नाही, परंतु वापरकर्त्यांना ती फार काळापासून दिसत आलेली आहे आणि दस्तऐवजात नोंदलेली आहे म्हणून तशीच ठेवली आहे, अशी कबुली मूळ कोडमधल्या टिप्पणीतच आहे. अशी प्रांजळ टिप्पणी वाचली की राग निम्मा उतरतो.

फोर्कचा पर्याय आणि प्रॉक (प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी फाइल-प्रणाली) नव्याने माउंट करण्याचा, म्हणजे जोडण्याचा, पर्याय जोडल्यावर सर्व सुरळीत झाले. 4.12 पासून प्रॉकमध्ये प्रोसेसची स्वतःची नेमस्पेस आणि तिच्या भावी अपत्यांची नेमस्पेस असे दोन वेगळे दुवे दिसतात. हे दोन्ही आधी पाहिले असते तर दीड तास वाचला असता.

संध्याकाळी एक कनिष्ठ सहकारी नेमस्पेसमध्ये नेमस्पेस उघडत किती खोल जाता येते ते पाहत होता. मूळ नेमस्पेस शून्यावर धरली तर स्तर 32 पर्यंत जाता येते. त्यापुढच्या प्रयत्नाला «डिव्हाइसवर जागा उरलेली नाही» असे उत्तर मिळाले आणि तो निमूटपणे डिस्क तपासायला गेला. ही मर्यादा 3.7 या आवृत्तीपासून आहे. आम्हाला तीनच स्तर लागतात.

20 जून 2025, शुक्रवार

प्रॉकबद्दलचा एक गैरसमज आज दूर झाला, म्हणून लिहून ठेवतो. प्रॉकमध्ये दिसणारे क्रमांक वाचणाऱ्याच्या नेमस्पेसचे नसतात. ती माउंट ज्या नेमस्पेससाठी केली गेली, तिचे असतात. सँडबॉक्समध्ये जुनीच प्रॉक राहिली तर आतली प्रोसेस स्वतःचा क्रमांक विचारून 5 हे उत्तर मिळवते आणि प्रॉकमध्ये 5 उघडून भलत्याचीच माहिती वाचते.

उपयोगाची गोष्ट अशी की 4.1 पासून प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये «एनएसपिड» ही ओळ असते. होस्टच्या प्रॉकमधून वाचल्यास तिच्यात बाहेरून आत या क्रमाने सगळे क्रमांक मिळतात. आजच्या चाचणीत एका प्रोसेससाठी 48211, 906 आणि 37 असे तीन आकडे आले. 37 या एका आकड्यावरून ज्या प्रोसेसचा पत्ता लागत नव्हता, ती येथे पूर्ण ओळखीसह उभी होती.

24 जून 2025, मंगळवार

पहिली दुरुस्ती लिहून झाली. «पहारा»ला चालकाकडून आता दोन गोष्टी मिळतील: आतला क्रमांक आणि सँडबॉक्सच्या पीआयडी नेमस्पेसचा आयनोड क्रमांक, म्हणजे कर्नलने त्या नेमस्पेसला दिलेला ओळख-क्रमांक. नुसता आतला क्रमांक पुरत नाही, कारण 37 क्रमांकाची प्रोसेस प्रत्येक सँडबॉक्समध्ये असते. होस्टच्या प्रॉकमधील सर्व प्रोसेस चाळायच्या, ज्यांच्या नेमस्पेसचा आयनोड जुळतो त्यांच्या «एनएसपिड» ओळीतला शेवटचा आकडा पाहायचा आणि तेथून पहिला, म्हणजे होस्टवरचा आकडा उचलायचा. मूळ नेमस्पेसचा आयनोड कर्नलमध्येच 4026531836 असा निश्चित केलेला आहे. तो आला तर «पहारा» विनंती सरळ नाकारतो. होस्टवरच्या प्रोसेसना मारण्याचे काम त्याचे नाही.

मग शर्यतीचा प्रश्न. क्रमांक सापडणे आणि सिग्नल पाठवणे यांच्या मधल्या क्षणात ती प्रोसेस संपली आणि तोच क्रमांक दुसऱ्या प्रोसेसला मिळाला तर? होस्टवरची कमाल मर्यादा 4194304 आहे, त्यामुळे चक्र पूर्ण होऊन तोच क्रमांक परत यायला वेळ लागतो. पण आमच्या एका सर्व्हरवर ही मर्यादा जुन्या मांडणीमुळे 32768 राहून गेलेली आढळली आणि तेथे अख्खे चक्र एका कामाच्या दिवसात पूर्ण होते. «सहसा होत नाही» या आधारावर रूटच्या अधिकाराने सिगकिल पाठवणे मला मान्य नाही, विशेषतः गेल्या आठवड्यानंतर.

उपाय पिडएफडीचा. पिडएफडी म्हणजे क्रमांकाऐवजी थेट त्या «स्ट्रक्ट पिड» वस्तूला धरून ठेवणारा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रोग्रॅमच्या हातातला दुवा. त्याच्याद्वारे सिग्नल पाठवणे 5.1 मध्ये आले आणि चालू प्रोसेससाठी तो उघडण्याचा सिस्टिम कॉल 5.3 मध्ये. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सापडलेल्या होस्ट-क्रमांकाचा पिडएफडी उघडायचा, त्यानंतर प्रॉकमधील नेमस्पेस आणि आतला क्रमांक पुन्हा पडताळायचा, आणि मगच पिडएफडीवर सिग्नल पाठवायचा. पडताळणीच्या वेळी मूळ प्रोसेस जिवंत असेल तर तो क्रमांक तिच्याकडेच असणार, म्हणजे आपण तिचीच माहिती वाचतो आहोत. ती संपून क्रमांक दुसरीकडे गेला असेल, तर पडताळणीत काहीही दिसले तरी पिडएफडी मृत प्रोसेसचाच आहे आणि सिग्नल «अशी प्रोसेस नाही» म्हणून परत येईल. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पडताळून मग पिडएफडी उघडला, तर मधली फट पुन्हा जिवंत होते. कागदावर सर्व शक्यता मांडून पाहिल्या. निरपराध प्रोसेस मरण्याची एकही वाट उरत नाही.

27 जून 2025, शुक्रवार

पुनरावलोकनाला आमच्या ज्येष्ठ सहकारी बाई ठाण्याहून आल्या होत्या. त्यांनी शर्यतीचा युक्तिवाद मान्य केला आणि लगेच विचारले, «पण तुम्ही भाषांतर करताच कशाला? ज्याने प्रोसेस जन्माला घातली, त्याच्या हातात ती वस्तू जन्मतःच आहे. ती टाकून तुम्ही आकडा का पाठवता, आणि मग त्या आकड्यावरून तीच वस्तू पुन्हा का शोधता?»

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. चालक अपत्य प्रोसेस क्लोन या सिस्टिम कॉलने निर्माण करतो आणि 5.2 पासून क्लोनला एक ध्वज दिला की अपत्याबरोबरच तिचा पिडएफडीही हातात येतो. फाइल डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या प्रोसेसमधल्या संवाद-वाहिनीवरून, दुसऱ्या प्रोसेसला देता येतो, हे तर पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. म्हणजे चालकाने सॉकेटवरून पिडएफडी द्यायचा, «पहारा»ने तो घ्यायचा, आणि क्रमांकाने आपली नेमस्पेस कधीही ओलांडायची नाही.

आम्ही आणखी एका पर्यायावर बोललो. सॉकेटवरून ओळखपत्र पाठवल्यास कर्नल त्यातील पीआयडी घेणाऱ्याच्या नेमस्पेसमध्ये आपोआप रूपांतरित करतो. परंतु विशेष अधिकार नसलेल्याला फक्त स्वतःचाच क्रमांक पाठवता येतो, आणि अडकलेली प्रोसेस स्वतः काहीच पाठवू शकत नाही. चालकाला तो अधिकार देणे म्हणजे सँडबॉक्सचा अर्थच घालवणे. 6.11 मध्ये नेमस्पेसच्या डिस्क्रिप्टरवर आयओसीटीएल हा सिस्टिम कॉल करून क्रमांकाचे भाषांतर विचारण्याची सोय आली आहे, पण आम्ही 6.1 वर आहोत, आणि भाषांतर आणि सिग्नल यांच्या मधला शर्यतीचा क्षण याही मार्गात उरतोच.

पिडएफडीच्या मार्गाचा एक लाभ मला नंतर घरी जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उमगला. जुन्या रचनेत सँडबॉक्समधील कोणताही प्रोग्रॅम त्या सामायिक फाइलमध्ये वाटेल तो आकडा लिहू शकत होता आणि «पहारा» तो मुकाट्याने मारत होता. पिडएफडी मात्र फक्त आपल्या नेमस्पेसमध्ये दिसणाऱ्या प्रोसेसचाच उघडता येतो. होस्टवरच्या डेटाबेसचा पिडएफडी सँडबॉक्समधून बनवताच येत नाही. आम्ही जे अपघात म्हणून पाहत होतो ते वास्तविक सुरक्षेतले भगदाड होते, आणि ते कोणी जाणूनबुजून वापरले नाही एवढेच आमचे नशीब.

24 तारखेचा कोड बाजूला ठेवला. जुन्या चालकांसाठी तो काही काळ लागेल.

1 जुलै 2025, मंगळवार

नवा मार्ग चालू झाला. सॉकेटची फाइल बाहेरच्या कंटेनरमधून सँडबॉक्समध्ये बाइंड माउंटने दिली आहे. «पहारा»ला मिळालेला पिडएफडी तो पोलमध्येही (घडामोडींची वाट पाहणाऱ्या सिस्टिम कॉलमध्येही) ठेवतो, त्यामुळे प्रोसेस संपली की लगेच कळते आणि दर पाच सेकंदांनी प्रॉक चाळण्याचे जुने कामच संपले. तिचा निर्गम-संकेत मात्र «पहारा»ला मिळत नाही, कारण वेट (अपत्य संपल्याचा निकाल घेणे) फक्त पालकाला करता येतो. तो चालकाकडूनच घ्यावा लागतो.

नोंदींसाठी पिडएफडीची माहिती देणारी प्रॉकमधील एफडीइन्फो फाइल वाचतो. तिच्यात त्या प्रॉकच्या नेमस्पेसनुसार क्रमांकांची ओळ मिळते. प्रोसेस तेथून दिसत नसेल तर शून्य आणि ती पूर्णपणे संपली असेल तर उणे एक. मी चाचणीत उलट दिशा मुद्दाम करून पाहिली: होस्टवरील प्रोसेसचा पिडएफडी सँडबॉक्समध्ये पाठवला आणि तेथून सिग्नल देण्याचा प्रयत्न केला. कर्नलने अवैध विनंती म्हणून नाकारले, कारण पाठवणारा लक्ष्याच्या नेमस्पेसमध्ये किंवा तिच्या पूर्वजांपैकी एकीत असावा लागतो.

नोंदींचे स्वरूपही बदलले. कोठेही नुसता पीआयडी लिहायचा नाही. सर्व्हरचा बूट आयडी (दर बूटला बदलणारी ओळख), नेमस्पेसचा आयनोड, तिन्ही क्रमांक आणि प्रोसेस सुरू झाल्याची वेळ हे सगळे एकत्र लिहायचे, कारण नेमस्पेस नष्ट झाल्यावर तिचा आयनोड क्रमांकही पुन्हा वापरात येऊ शकतो. ओळ लांबलचक झाली आहे. एका गटाने कुरकुर केली. त्यांना 16 जूनची नोंद वाचायला दिली.

4 जुलै 2025, शुक्रवार

पावसामुळे गाड्या उशिरा, निम्मा गट घरून. कोडमध्ये बदल नाही.

7 जुलै 2025, सोमवार

नवीच अडचण. शनिवारपासून तीन सँडबॉक्स मरता मरत नाहीत. इनिटला सिगकिल मिळालेला आहे, आतल्या सगळ्या प्रोसेस गेल्या आहेत, तरीही इनिट बाहेर पडत नाही आणि नेमस्पेस जागेवरच आहे.

इनिट मरताना कर्नल काय करतो ते पुन्हा वाचले. क्रमांकवाटप बंद होते, नेमस्पेसमधील प्रत्येक प्रोसेसला सिगकिल जातो, इनिट आपल्या अपत्यांना गोळा करते आणि त्यानंतर नेमस्पेसमध्ये आपल्याशिवाय कोणीही उरत नाही तोपर्यंत झोपून राहते. «कोणीही» या शब्दात झोंबी, म्हणजे संपलेल्या पण पालकाने अजून गोळा न केलेल्या प्रोसेसही, येतात, आणि प्रश्न तेथेच आहे. नेमस्पेसमधील सर्वच प्रोसेस इनिटच्या वंशातल्या असतात असे नाही. बाहेरची एखादी प्रोसेस सेटएनएस या सिस्टिम कॉलने त्या नेमस्पेसकडे वळते आणि फोर्क करते, तेव्हा अपत्य आत जन्मते, पण पालक बाहेर राहतो. आतून अशा अपत्याने पालकाचा क्रमांक विचारला तर शून्य मिळते. ती मेली की झोंबी होऊन बाहेरच्या पालकाच्या वेटची वाट पाहते, आणि तिच्यासाठी इनिट खोळंबते.

आमच्याकडे असा पालक आहेच. अडकलेल्या चाचणीची स्थिती टिपण्यासाठी एक साहाय्यक प्रोग्रॅम होस्टवरून सँडबॉक्समध्ये शिरतो आणि आत छोटी प्रोसेस चालवतो. तिच्यासाठी वेट करण्याची ओळ चुकीच्या शाखेत होती आणि मुदत संपल्यावर ती गाळली जात होती. पूर्वी हा साहाय्यक दर वेळी नव्याने सुरू होऊन संपत असे. तो संपला की झोंबी होस्टच्या इनिटकडे सोपवली जाई आणि गोष्ट मिटत असे. 1 तारखेच्या बदलात तो कायम चालणारा केला तो मीच. तीन ओळींचा बदल करून साहाय्यक पुन्हा सुरू केला आणि तिन्ही सँडबॉक्स त्याच क्षणी नाहीसे झाले.

9 जुलै 2025, बुधवार

सिगटर्मबद्दल, म्हणजे नीट आवरून संपण्याची विनंती करणाऱ्या सिग्नलबद्दल, थोडेसे. «पहारा» आधी सिगटर्म देतो, 10 सेकंद थांबतो आणि मग सिगकिल देतो. चालक स्वतः अडकला असेल तेव्हा ही 10 सेकंदे प्रत्येक वेळी वाया जात असल्याचे आढळले. चालक हा सँडबॉक्सचा इनिट आहे, आणि ज्या सिग्नलसाठी त्याने स्वतः हँडलर (सिग्नल हाताळणारे फंक्शन) लावलेला नाही तो सिग्नल कर्नल त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. पूर्वज नेमस्पेसमधून आलेल्या सिगकिल आणि सिगस्टॉप (प्रोसेस थांबवून ठेवणारा सिग्नल) यांनाच यातून सूट आहे; आतून तर सिगकिलही लागू पडत नाही. चालकात सिगटर्मचा हँडलर जोडला. त्यात पाठवणाऱ्याचा पीआयडी छापला तर तो शून्य येतो, कारण पाठवणारा त्याच्या जगात नाही. कनिष्ठ सहकाऱ्याने हा दोष म्हणून नोंदवला होता. नोंद बंद केली.

14 जुलै 2025, सोमवार

शुक्रवारी सगळ्या सर्व्हरवर नवी आवृत्ती गेली. 32768 ची मर्यादा राहिलेला सर्व्हरही 4194304 वर आणला. 6.14 पासून ही मर्यादा प्रत्येक पीआयडी नेमस्पेसला वेगळी ठेवता येते. पुढची दीर्घकालीन आवृत्ती घेऊ तेव्हा सँडबॉक्समध्ये ती मुद्दाम लहान ठेवून क्रमांक लवकर पुन्हा वापरात यावेत आणि अशा चुका चाचणीतच उघड व्हाव्यात, असा प्रस्ताव ठेवला आहे.

शनिवार-रविवारच्या नोंदी आज चाळल्या. अडकलेल्या प्रोसेस सरासरी काही सेकंदांत बंद होत आहेत. दोन ठिकाणी पिडएफडीवर पाठवलेला सिग्नल «अशी प्रोसेस नाही» म्हणून परत आला. दोन्ही वेळी चाचणी त्याच क्षणी आपणहून संपली होती. एका गटाचा जुना चालक अजून सामायिक फाइलमध्ये आकडे लिहितो आणि «पहारा» ते 24 जूनच्या मार्गाने तपासतो. त्या गटाला चालक बदलण्यासाठी 31 जुलैपर्यंतची मुदत कळवली आहे. त्यानंतर ती फाइल वाचणारा कोड काढून टाकायचा आहे.